२३५ ग्रॅमचा बूट आणि त्यात बसलेला इनसोल: वनरक्षक भरतीच्या एका उमेदवाराचं प्रकरण

रुग्ण २३ वर्षांची मुलगी. ब्रह्मपुरी तालुक्यात, धानाच्या पट्ट्यातल्या एका गावात राहते. बी.ए. झालेली, घरी तीन एकर धान, वनरक्षक भरतीची तयारी सुरू. तक्रार अशी की डाव्या पायाच्या आतल्या घोट्यामागे दुखतं, ते दुखणं नडगीच्या आतल्या कडेनं वर चढतं, आणि धावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना जास्त जाणवतं. ती माझ्याकडे आली तेव्हा नागपूरच्या ऑर्थोटिस्टकडून (पायाला आधार देणारी साधनं मापानं बनवणारे तज्ज्ञ) इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालायचे पायाच्या मापाचे आधार, बनवून झाले होते, बूटही घेऊन झाला होता. इनसोल चांगला होता. बूट हलका होता. दोन्ही एकत्र केले की धावता येत नव्हतं. तिच्या संमतीनं हे प्रकरण लिहितेय. नाव-गाव देत नाही.

‘मॅडम, बूट लय हलका हाये जी,’ ती म्हणाली, ‘पण इनसोल टाकलं का टाचच वर येते. अन् बिना इनसोलचं धावलं का घोटा ठणकते.’

यावर तिनं स्वतःच तोडगा काढला होता. एक दिवस इनसोल घालून धावायचं, एक दिवस काढून. त्यानं दोन्हीकडचा तोटा पदरात पडत होता. इनसोलच्या दिवशी टाचेला फोड, बिनाइनसोलच्या दिवशी घोटा.

वनरक्षक भरतीत महिलांना ३ किलोमीटर धावायचं असतं आणि त्या वेळेवर गुण मिळतात. त्यापुढे १६ किलोमीटरची चाल ४ तासांत पूर्ण करावी लागते (मुलांना धाव ५ किलोमीटर, चाल २५). पोलीस भरतीतली ८०० मीटरची धाव मिनिटांत आटोपते, तिथे एखादा न बसणारा बूट दात-ओठ आवळून निभावून नेता येतो. १६ किलोमीटरला ते चालत नाही. केंद्रीय दलांच्या जाहिरातीत सपाट पाऊल अपात्रतेच्या यादीत असतं, म्हणून ती तिकडे वळलीच नव्हती. वनरक्षकाच्या वैद्यकीय तपासणीबद्दलची विचारपूस तिनं वन कार्यालयात करायची, असं पहिल्याच भेटीत ठरलं. माझं काम घोटा आणि बूट एवढंच.

सरावाची जागाही समजून घ्यावी लागते. गोसेखुर्दच्या उजव्या कालव्याची पाळ तिच्या गावाजवळून जाते. मुरूम टाकलेली, मऊ, धावायला उत्तम. पण ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर गावाच्या वेशीपर्यंत आहे, आणि पहाटेच्या अंधारात पाळीवर एकटी मुलगी धावणार नाही, धावूही नये. म्हणून उजेड झाल्यावर, डांबरी रस्त्यावर, तीन-चार मुली मिळून. एप्रिलपासून सातलाच ऊन चटका देतं. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून त्या रस्त्याच्या उजव्या कडेनं धावतात आणि परतताना बाजू बदलून पुन्हा आपल्या उजव्याच कडेनं येतात. हे शहाणपणाचंच आहे. मात्र डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. उजव्या कडेनं धावणाऱ्याचा डावा पाय सतत उंच बाजूला पडतो, आणि उंच बाजूचं पाऊल आत जास्त कलतं. दुखणं डावीकडेच का, याचं बरंचसं उत्तर इथे होतं.

पाय काय सांगत होता

बसलेली असताना दोन्ही तळव्यांना कमान दिसत होती. उभी राहिली की डावीकडची जवळजवळ जमिनीला टेकायची. चवड्यांवर उभी केली की कमान परत यायची आणि टाच आत वळायची. म्हणजे पाऊल लवचिक होतं, ताठर सपाट नव्हतं. कमानीच्या आतल्या बाजूला असलेल्या नेव्हिक्युलर या हाडाची जमिनीपासूनची उंची बसून आणि उभं राहून मोजली. डावीकडे १३ मिलिमीटरचा फरक, उजवीकडे ८. साधारण १० च्या आत असला तर आम्ही त्याकडे फारसं बघत नाही. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली तर उजवीकडे २१ वेळा सहज झालं, डावीकडे आठव्यालाच दुखून थांबली.

त्याआधी हाडाची खात्री केली. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखतं का, त्या पायावर उडी मारली तर कळ येते का, रात्री झोपेत दुखतं का. हाडाला ताणाची चीर असेल तर बुटाबद्दल बोलण्यात अर्थच नाही, आधी धावणं बंद. तिचं दुखणं चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं होतं, उडीला कळ नव्हती, एक्स-रे स्वच्छ होता. (नवी चीर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, त्यामुळे मी त्या फिल्मपेक्षा बोटावर जास्त भरवसा ठेवते.)

निदान सरळ होतं. पोटरीच्या खोलातून निघून आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरणारा टिबियालिस पोस्टिरियर या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कमान उचलून धरतो. धान कापून झाल्यावर तिनं एकदम रोजची सहा-सात किलोमीटर धाव आणि आठवड्याची लांब चाल सुरू केली होती. कंडऱ्यावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार आला. इनसोलनं तो भार काही काळ हलका करायचा आणि तेवढ्या काळात व्यायामानं कंडरा तयार करायचा, असा बेत. ऑर्थोटिस्टचा विचारही हाच होता. त्यांची चिठ्ठी नेमकी होती.

इनसोल असा: तळाशी ३ मिलिमीटर पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकचं कडक कवच, टाचेला खोलगट वाटी, टाचेखाली आतल्या बाजूनं ४ अंशांचा उंचवटा, कमानीखाली इव्हीए या हलक्या फोमचा भराव, वर बोटांपर्यंत ३ मिलिमीटरचं मऊ आवरण. एका पायाचं वजन ८८ ग्रॅम. हा आकडा मी तिच्यादेखतच काढला, शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर.

काट्यावर तीन बूट

तिचा बूट ग्राउंडवरच्या मुलांनी सुचवलेला. ‘पोट्ट्यायनं सांगतलं का याच्यापेक्षा हलका नाही भेटत.’ ते खरंच होतं. ऑनलाइन माहितीत २०० ग्रॅमच्या आसपास लिहिलं होतं, काट्यावर तिच्या पाच नंबरचा बूट १७८ भरला. यात गौडबंगाल काही नाही. कंपन्या बहुधा पुरुषांच्या आठ-नऊ नंबरच्या एका बुटाचं वजन लिहितात, लहान नंबर आपोआप हलका भरतो. तुलना करताना मात्र हे लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर एका कंपनीच्या नऊ नंबरची दुसरीच्या पाच नंबरशी गाठ घातली जाते.

आता त्या बुटात इनसोल का बसत नव्हता? मी बूट टेबलावर ठेवला, इनसोल आत सरकवला, एका बोटानं टाचेवर आणि दुसऱ्यानं चवड्यावर आळीपाळीनं दाबलं. तो डुगडुगत होता. बुटाचं मूळचं अस्तर, म्हणजे तळव्याखालची पातळ गादी, चिकटवलेलं होतं, ओढून काढलं असतं तर खाली गोंदाचे गोळे आणि फाटलेला फोम उरला असता. म्हणून इनसोल त्या अस्तरावर चढून बसत होता आणि टाच त्या मानानं वर उचलली जात होती. बुटाच्या मागच्या वाटीची उंची तेवढीच राहते. पाय वर गेला की वाटीची पकड टाचेच्या गोलाईऐवजी त्याखालच्या अरुंद भागावर येते आणि टाच निसटते. पुढे बोटांच्या जागेतही आवरणाची भर पडल्यानं अंगठ्याचं नख काळं पडू लागलं होतं.

सगळ्यात मोठी अडचण उलटा करून पाहिल्यावर कळली. वजन वाचवायला त्या बुटाच्या तळाला कमानीखाली कंबर दिली होती. आतल्या बाजूचा फोम बराच कापून काढलेला. इनसोलचं कडक कवच नेमकं तिथेच रुंद. कवचाची कड फोमच्या बाहेर, नुसत्या कापडावर लोंबत होती. जिथे आधार द्यायचा तिथेच खाली काही नाही. पाऊल आत कललं की कवचही त्याच्याबरोबर आत कलणार, मग त्या ४ अंशांना काय अर्थ? ८८ ग्रॅम रोज वाहून नेले जात होते आणि त्यातला निम्मा उपयोगही पायाला मिळत नव्हता.

दुसरा बूट तिच्या मावसबहिणीचा, ती पोलिसात आहे. नागपुरात घेतलेला, सपाट पायांसाठी म्हणून विकलेला, तळाच्या आतल्या बाजूला कडक फोमची पाचर. वजन २६५ ग्रॅम, अस्तर २० ग्रॅमचं आणि सुटं. इनसोल छान बसला, टाचही धरली गेली. ती जराशी धावली आणि पाय बाहेरच्या कडेवर पडायला लागला; बाहेरच्या घोट्याखाली ओढ बसते म्हणाली. अपेक्षितच होतं. इनसोल पावलाला बाहेर ढकलतोय, त्यात बुटाची पाचर आणखी ढकलतेय. सुधारणा एकाच ठिकाणी असावी. पायाच्या मापानं बनवलेला इनसोल हाताशी असेल तर बूट साधा, दोन्ही बाजूंनी सारख्या फोमचा हवा. दुकानदार सपाट पाय म्हटलं की असाच पाचरवाला बूट पुढे करतात. इनसोल न वापरणाऱ्याला तो चालूही शकेल. इथे नाही.

तिसरा बूट अजून घ्यायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं होतं. इनसोलवर ३,२०० रुपये गेले होते.

‘आता आखीन बूट कायले?’ तिचे वडील सोबत आले होते. ‘हा तं नवाच हाये. इनसोल बुटाच्याच मापाचं बनवून घ्याचं होतं मंग.’

मी म्हटलं, ‘काकाजी, इनसोल पायाच्या मापाचं असते. बूट त्याच्या मापाचा पाहावा लागते.’ ते गप्प राहिले, पण पटलेलं दिसलं नाही. रागावण्यासारखं त्यात काही नाही. रोवणीच्या हंगामात एका बाईची दिवसभराची मजुरी किती हे त्यांना माहीत आहे, आणि त्या हिशेबात दुसरा जोडा म्हणजे चैनच.

हलकेपणाचा हिशेब

तिचा खरा प्रश्न वेगळा होता. साधा बूट घेतला तर तो १७८ ग्रॅमचा नसणार. मग गुण जाणार नाहीत का?

या शंकेला हातानं उडवून लावणं बरोबर नाही. वजनाचा परिणाम होतो. प्रत्येक बुटात १०० ग्रॅमची भर पडली की धावताना ऑक्सिजनचा खर्च साधारण १ टक्क्यानं वाढतो, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात धावपटूंच्या बुटाच्या जिभेत त्यांच्या नकळत शिशाचे मणी भरले आणि त्यांची ३,००० मीटरची वेळ घेतली. प्रत्येक १०० ग्रॅममागे वेळ सुमारे ०.७८ टक्क्यानं वाढली. योगायोगानं तिच्या भरतीचं अंतरही तेच. ते धावपटू तिच्याहून बरेच वेगवान पुरुष होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा तिला लावता येत नाही. पण अंदाजाला पुरतो.

मी तिला कागदावर मांडून दाखवलं. तिची ३ किलोमीटरची वेळ तेव्हा १५ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ९५० सेकंद. तिच्या बुटात इनसोल घातल्यावर १७८ अधिक ८८, म्हणजे २६६ ग्रॅम. बहिणीच्या बुटातून अस्तर काढून इनसोल घातला की ३३३. मधल्या वजनाचा साधा बूट २३५ चा धरला, त्यातलं १७ ग्रॅमचं अस्तर काढलं आणि इनसोल घातला, तर ३०६. हलक्या बुटाशी फरक ४० ग्रॅम. ९५० सेकंदांवर तो येतो साधारण ३ सेकंद.

‘तीनच?’

तीनच. उलट टाच निसटू नये म्हणून ती बोटं आखडून धावत होती, पाऊल आखूड टाकत होती, फोडामुळे आठवड्यातून दोन दिवस सराव बुडत होता. सराव बुडल्यानं किती सेकंद गेले ते कोणत्याही काट्यावर मोजता येत नाही, पण तीनपेक्षा जास्त गेले असतील यावर मी पैज लावायला तयार आहे. आणि तिला गंमत म्हणून पावसानंतर पाळीवरून आलेला बूटही काट्यावर ठेवायला लावला होता. चिखलानंच त्याचं वजन चाळीस ग्रॅमपेक्षा जास्त वाढलेलं निघालं.

हलका बूट नकोच असं मात्र मी म्हणत नाही. ३३३ ग्रॅमचा बूट घालून १६ किलोमीटर चालणं वेगळं आणि २८०-९० चा घालून वेगळं. म्हणून आम्ही मर्यादा ठरवली: इनसोलसकट एका पायाचं वजन ३०० ग्रॅमच्या आत. डब्यावर काय लिहिलंय ते पाहायचंच नाही, अस्तर काढून इनसोल घालून जे भरेल ते खरं वजन. या अटीत बसणारा, पण इनसोलला आधार देणारा बूट शोधायचा.

बूट शोधताना

तिच्या पायाची लांबी २३.८ सेंटीमीटर, चवड्याची रुंदी ९.६. मी दोन्ही पावलं कागदावर उभी करून आखली, कारण बसून आखलं तर तिच्या पायाची रुंदी बरीच कमी भरते. त्या कागदावरच इनसोलचा आकारही आखून दिला. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वावरलेला पाय चवड्याला पसरट असतो. धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्यांचा तर असतोच. बाजारातले बायकांचे धावण्याचे बूट बहुधा अरुंद साच्यावर बनतात, पुरुषांचे त्याहून रुंद. इनसोल घालायचा तर रुंदीही लागते आणि आत उंचीही. म्हणून तिला सांगितलं, मुलांच्या विभागातला सहा नंबर आधी घालून बघ. तिला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण गुलाबी रंग सोडला तर काही हरवत नाही. (चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या पावलांची मापं घेऊन ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली आहे. ती दुकानात येईपर्यंत कागदावरची आखणी बरी.)

नागपूरला एकदा जायचंच होतं, इनसोलचं आवरण बदलून घ्यायला. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भिवापूर-उमरेडमार्गे जाणं-येणं परवडण्यासारखं झालं. दुकानात काय करायचं ते मी तिला माझ्याकडच्या जुन्या बुटांवर आधी करून दाखवलं. पहिली गोष्ट, अस्तर निघतं का. निघत नसेल तर तो बूट तिथेच खाली ठेवायचा, कितीही स्वस्त असो. निघालं तर आत हात घालून तळ चाचपायचा. सपाट हवा, कमानीच्या जागी मुळातच उंचवटा असेल तर इनसोल त्यावर टेकून डुगडुगणार. मग इनसोल आत सोडायचा. टाचेचा भाग मागच्या वाटीला भिडला पाहिजे, कडेला बोट जाईल एवढी फट राहता कामा नये, आणि तो दाबून बसवावा लागू नये. मागची वाटी दोन बोटांनी चिमटून पाहायची. चपटी झाली तर इनसोलनं कितीही धरलं तरी टाच बुटासकट हलणार. बूट उलटा करून कागदावरच्या इनसोलच्या आकाराशी तळाची कंबर ताडून पाहायची. शेवटी दोन्ही पायांत इनसोल घालून, लेस बांधून, दुकानाबाहेर थोडं धावून यायचं. दुकानदार कुरकुरला तरी.

एक गोष्ट मी निक्षून सांगितली होती. हल्ली जाड, अतिमऊ फोमचे उंच बूट सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेत, त्यांच्या नकलाही हजार-बाराशेत मिळतात. पायात घातल्यावर सुखच वाटतं. पण कडक कवचाचा इनसोल त्या फोमवर ठेवणं म्हणजे बांधीतल्या चिखलावर पाट मांडून बसणं. ज्या बाजूला भार जास्त, त्या बाजूला तो रुतणार, आणि तिचा भार आतल्या बाजूलाच. फोम बोटानं दाबल्यावर थोडा दबावा, बोट बुडू नये.

दोन दुकानांत तिला काही मिळालं नाही. तिसऱ्यात, क्रीडासाहित्याच्या एका मोठ्या दुकानात, मुलांच्या विभागात सहा नंबरचा साधा धावण्याचा बूट मिळाला, २,४९९ रुपयांचा. अस्तर सुटं, तळ सपाट, कंबर भरलेली, मागची वाटी टणक. तिथे काटा नव्हता, म्हणून वजन घरी आल्यावर कळलं: २३५ ग्रॅम. आम्ही हिशेबात धरलेला आकडा आणि मिळालेला बूट एकच निघाला हा निव्वळ योग.

त्याच दिवशी ऑर्थोटिस्टनी इनसोलचं वरचं ३ मिलिमीटरचं आवरण काढून पातळ आवरण चढवलं, कमानीखालचा जादा इव्हीए घासून कमी केला आणि बुटातून निघालेलं मूळ अस्तर वर ठेवून पुढची कड त्याच्या आकारात कापून दिली. हे अस्तर फेकू नये, ते याच कामासाठी जपून ठेवावं. इनसोल ८८ वरून ७१ ग्रॅमवर आला. कवचाला आणि टाचेखालच्या उंचवट्याला हात लावला नाही, कारण काम तेच करतात. आता सगळं मिळून २१८ अधिक ७१, म्हणजे २८९ ग्रॅम. हलक्या बुटाशी असलेला ४० ग्रॅमचा फरक जवळपास निम्म्यानं इनसोल सोलूनच भरून निघाला.

पायात घातल्यानंतर

नवा इनसोल आणि नवा बूट एकाच दिवशी घालून ग्राउंडवर जाऊ नये. पहिले काही दिवस घरात आणि शेतावर जाता-येता तास-दोन तास, मग चाल, मग एक किलोमीटर धाव, मग हळूहळू वाढ. टाच पहिल्या आठवड्यात अजून थोडी हलत होती. बुटाच्या सगळ्यात वरच्या, घोट्याजवळच्या जादा छिद्रातून लेस त्याच बाजूनं आत घालून छोटा फासा करायचा आणि समोरच्या बाजूची लेस त्यातून ओढून बांधायची, हे तिला दाखवलं. ती छिद्रं शोभेची असतात असंच बहुतेकांना वाटतं. त्यानं टाच मागे दाबून बसली. मोजे सुतीऐवजी पातळ, घाम न धरणारे घेतले, कारण ओला सुती मोजा इनसोलवर सुरकुततो आणि फोड तिथेच येतो.

व्यायाम रोजचा होता: आधी दोन्ही पायांवर टाच उचलणं, मग पायरीच्या कडेवर, मग एका पायावर, शेवटी पाठीवर दप्तर घेऊन. ते कंटाळवाणं काम आहे आणि तिनं ते केलं. रस्त्यावर जाताना उजवी कडा ठेवायची, पण वाहन नसेल तेव्हा सपाट मधल्या भागावर यायचं. जमेल त्या दिवशी उजेडात, सोबतीनं, पाळीवर जायचं. माझ्या मते दुखणं कमी होण्यात बुटापेक्षा या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे. बुटानं एवढंच केलं की तिला रोज सराव करता आला आणि इनसोल रोज पायात राहिला.

सहा आठवड्यांनी डावीकडे एका पायावर टाच १७ वेळा उचलता येत होती. सकाळचं दुखणं गेलं होतं; लांब चालीनंतर घोट्यामागे थोडं जड वाटायचं, दुसऱ्या दिवशी राहत नसे. १६ किलोमीटरची चाल तिनं याच जोड्यात ३ तास ५ मिनिटांत केली, फोडाशिवाय. ३ किलोमीटरची वेळ १५ मिनिटं ४ सेकंद. हे ४६ सेकंद बुटाचे नाहीत. सलग सरावाचे आहेत, काही थंड सकाळचेही असतील.

एक तक्रार मधेच आली: इनसोल चुंयचुंय वाजतो. कवच बुटाच्या कडेवर घासत होतं. कडेला थोडी टाल्कम पावडर टाकली, थांबलं. उन्हाळ्यात तिनं बूट टिनाच्या छपराखाली वाळत ठेवले होते, तेही बंद करवलं. तिथल्या तापमानात फोम आक्रसतो, गोंद सुटतो, आणि इनसोलचं आवरण कडेनं उचलायला लागतं. बूट सावलीत, इनसोल बाहेर काढून, एवढं पुरे.

तो १७८ ग्रॅमचा बूट वाया गेला नाही. तिच्या धाकट्या बहिणीचा पाय तेवढाच आहे आणि तिला इनसोल लागत नाही. वडिलांना ही वाटणी बुटाच्या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त पटली.

पुढचा प्रश्न इनसोल कधी कमी करायचा हा आहे. डावीकडे टाच उचलण्याची संख्या वीसच्या वर गेली आणि लांब चालीनंतरचा जडपणा गेला, तर ऑर्थोटिस्ट टाचेखालचा उंचवटा ४ अंशांवरून २ वर आणतील. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस, पाळीच्या सपाट भागावर, छोटं अंतर इनसोलशिवाय. तेव्हा बुटाचं मूळ १७ ग्रॅमचं अस्तर परत आत घालावं लागेल. ते तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय. भरतीपर्यंत मात्र जोडी बदलायची नाही. पुढची तपासणी रोवणी आटोपल्यावर, कारण त्या दिवसांत ती दिवसभर अनवाणी चिखलात असते आणि घोट्याला काय झेपलं ते तेव्हाच नीट कळेल.